वासुदेवचं स्पेलिंग आणि कॉम्प्युटर सायन्स

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून १८ वर्षांच्या मुलीनं लिहिलंय. यंदा बारावी सायन्स झाली, गणितात चांगले मार्क, फिजिक्समध्ये जेमतेम, सीईटीचा स्कोअर मधलाच. घरी पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर, आईवडील दोघंही शेतात, धाकटा भाऊ नववीत. दोन वर्षांपासून सुट्टीत तालुक्याच्या सेतू केंद्रावर फॉर्म भरायचं काम करते. पुण्यात नोकरीला असलेला मामेभाऊ म्हणतो कॉम्प्युटर सायन्सच घे, पॅकेज मिळते. आई म्हणते बीएस्सी-बीएड कर, मास्तरीण हो, घराजवळ राहशील. एका शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत तिला विचारलं, कॉम्प्युटर सायन्सच का? ती म्हणाली, ‘नोकरी लागते म्हणून.’ समोरचे हसले, म्हणाले अशी मुलं टिकत नाहीत, पॅशन पाहिजे. सोबतची शहरातली मुलं आठवीपासून कोडिंग करतो असं सांगत होती. शिष्यवृत्ती काही मिळाली नाही. आता प्रवेशाचा फॉर्म समोर आहे आणि ती विचारते: ‘ताई, मले खरंच आवड आहे का फक्त पैसा पाहिजे हेच समजून नाही राहिलं. आवड नसताना मी दुसऱ्या कोणाची सीट अडवून राहिली का?’

पोरी,

तुझ्या पत्रातलं ते शेवटचं वाक्यच मला सगळ्यात जास्त लागलं. सीट अडवून राहिली का म्हणे. अगं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा आहे का ती? बारावी केली, सीईटी दिली, मेरिटमध्ये जे काय येईल ते येईल, त्यात अडवणं कुठून आलं. हा विचार तुझा नाहीच, तो त्या मुलाखतीच्या खोलीतून तुझ्या मागं मागं घरापर्यंत आलाय.

त्या खोलीबद्दल आधी बोलू म्हणजे तो विषय संपेल. ‘नोकरी लागते म्हणून’ हे उत्तर खरं होतं आणि खोटं बोलणाऱ्यांच्या रांगेत तू एकटी खरं बोललीस एवढंच झालं. तुझ्या वडलांना कधी कोणी विचारलं का, की भाऊ, कपाशीच काहून लावता, पॅशन आहे का तुमची? ते म्हणतील, दुसरं काय लावू. आणि तरीही फुलाची डोमकळी झालेली दिसली की बोंडअळी आली हे ते बांधावरूनच सांगतील, कोणत्या धुऱ्याला पाणी साचतं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी येईल, बियाण्याच्या पाकिटावर काय लिहिलंय आणि त्याच्यातलं किती खरं यावर ते तासभर बोलतील. आता ही आवड आहे का गरज? मला तर वेगळं करता येत नाही. गरजेनं माणूस कामाला लागतो, काम करता करता त्याला त्यातलं दिसायला लागतं, आणि दिसायला लागलं की मग ते सुटत नाही. आधी आवड आणि मग काम असा क्रम ज्यांच्या घरी चार वर्षं थांबायची सोय असते त्यांच्याकडं असतो, त्यांनाही तो असतोच असं नाही, फक्त मुलाखतीत तसं सांगायचं असतं हे त्यांना माहीत असतं.

माझंच सांगते. नव्वदच्या दशकात मी अमरावतीला बीएस्सीला कॉम्प्युटर विषय घेतला तो काहून माहीत आहे? लॅबमध्ये एसी होता. हसू नको. एप्रिलमध्ये आपल्याकडं काय होते तुला माहीत आहे, आणि अख्ख्या कॉलेजात ती एकच खोली थंड होती. चपला बाहेर काढायच्या, आत चौघींत एक मशीन, त्यातली एक टाईप करणार आणि बाकीच्या तिघी चुका सांगणार. पहिलं दीड वर्ष मला त्या निळ्या स्क्रीनचा राग होता. एक सेमीकोलन राहिला म्हणून दोन दिवस गेले होते माझे. मग एकदा लायब्ररीवाल्या सरांनी ५ हजार पुस्तकांचे दाखल नंबर चढत्या क्रमानं लावून मागितले, आम्ही शिकवल्याप्रमाणं बबल सॉर्ट लिहिला, म्हणजे शेजारचे दोन-दोन नंबर बघून अदलाबदल करत जायचं, चालवला की मशीन अर्धा मिनिट गप्प. एका सीनियर ताईनं दुसऱ्या पद्धतीनं लिहून दाखवलं, टोनी होअर नावाच्या इंग्रजानं १९६१ मध्ये छापलेली क्विकसॉर्टची पद्धत, एक नंबर धरून यादी त्याच्याहून लहान आणि मोठे अशी फोडत जायची, आणि एंटरवरून बोट उचलायच्या आत यादी समोर. तेच मशीन, तेच नंबर. आमच्या पद्धतीत सव्वा कोटीच्या घरात तुलना होत होत्या, तिच्या पद्धतीत एक लाखाच्याही आत. त्या दिवसापासून माझं एसीसाठी जाणं बंद झालं. मला रात्री झोप नाही आली की हे कसं काय झालं बाप्पा.

म्हणजे आवड यायला मला दीड वर्ष लागलं, आणि तेही मी आत शिरल्यावर.

आता पैशाबद्दल. पैसा पाहिजे हे कारण वाईट नाही पण त्यात एक अडचण आहे आणि ती नैतिक वगैरे नाही, साधी वेळेची आहे. पगार चार वर्षांनी आणि डेटा स्ट्रक्चरचा पेपर येत्या मंगळवारी. रात्री ११ ला प्रोग्राम चालत नाही, मेसची भाजी खारट, रूममेट रील बघून राहिली, अशा वेळी चार वर्षांनंतरचं पॅकेज उपयोगी पडत नाही, ते फार लांब असतं. त्या क्षणाला काहीतरी जवळचं लागतं, हे आत्ताच्या आत्ता का चालत नाही ही एक खाज लागते. ती खाज नसेल तर मुलं टिकत नाहीत हे त्या मुलाखतवाल्यांचं म्हणणं अर्धं बरोबरच आहे, फक्त ती खाज कुणाला आहे हे ‘पॅशन आहे का’ असं विचारून कळत नसतं.

आणि पॅकेजचा हिशोब मामेभावाला एकदा नीट विचारून घे. लागला तेव्हा पगार किती होता, नोकरी शोधायला किती महिने गेले, रूम आणि मेस जाऊन हातात काय उरत होतं. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत नव्या पोरांचं पॅकेज कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळून राहिलंय. त्याला १२ नं भाग, महिन्याला २९ हजार, त्यातून पीएफ आणि बाकीची कपात, मग पुण्याचं भाडं. वाईट नाही, कोरडवाहूवाल्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा म्हणजे काय ते मला सांगायला नको. पण गावात ‘पॅकेज’ म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं ते हे नाही. शिवाय २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून नवशिक्यांचं बरंच काम मशीनच करून देते, त्यामुळे सुरुवातीची नोकरी आधीइतकी सोपी राहिली नाही. चार वर्षांनी बाजार कसा असेल याची हमी मी देत नाही, मामेभाऊही देऊ शकत नाही.

आता खऱ्या मुद्द्यावर येते. तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, खाली, जणू काही महत्त्वाचं नाही अशा सुरात तू दोन गोष्टी लिहिल्यास. एक, की पीक विम्याच्या मुदतीच्या दिवसांत पोर्टल दिवसा चालतच नव्हतं म्हणून तू रात्री २ चा गजर लावून फॉर्म भरलेस, आणि ‘रात्री तेच पोर्टल पटपट चालते, असं काहून होते देव जाणे.’ दुसरी, की गावातल्या एका आजोबांचा फॉर्म तीनदा परत आला कारण आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नव्हतं, आणि तेव्हापासून तू अशी न जुळणारी नावं एका वहीत लिहून ठेवायला लागलीस, साठ झाली म्हणे.

साठ! कोणी सांगितलं होतं का गं तुला? त्याचे पैसे मिळतात का? नाही ना. मग लिहिली काहून?

त्या नावांचंच बघू. आजोबांना आपण वासुदेव म्हणू. आपल्या विदर्भात जुनी माणसं वासुदेव इंग्रजीत कसं लिहितात, पहिला डब्ल्यू आणि शेवटी ई-ओ, वर्ध्याला लावतो तोच डब्ल्यू आणि नामदेव-महादेवला लावतो तोच ई-ओ. बँकेतल्या बाहेरून आलेल्या नव्या पोरानं लिहिलं पहिला व्ही आणि शेवटीही व्ही. माणूस एकच, पण मशीनला दोन दिसतात. आता मशीनला ‘हा एकच आहे’ हे कसं सांगायचं? पहिला विचार येतो तो असा, की एका स्पेलिंगचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोज, कमी असतील तर तोच माणूस. हा विचार व्लादिमिर लेव्हनश्टाइन या रशियन गणितज्ञानं १९६५ मध्ये नीट मांडला, आजही त्या अंतराला त्याचंच नाव आहे. वासुदेवच्या दोन स्पेलिंगमध्ये अंतर येतं २. छान. आता रमेश आणि उमेश कर. रमेशमधला आर काढ, ए च्या जागी यू टाक, झाला उमेश. अंतर तेही २! म्हणजे आजोबांना पास केलं तर रमेशचा विमा उमेशच्या खात्यात. आणि लक्ष्मण घे, कोणी मधात एक्स लावते, कोणी के-एस-एच लावते, तिथं अंतर ३. एकच माणूस आणि अंतर जास्त, दोन वेगळे सख्खे भाऊ आणि अंतर कमी.

मग काय करशील? अक्षर सोडून आवाज धर. हेही कोणाला तरी आधी सुचलं होतं, अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसानं १९१८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, पुढं त्याला साउंडेक्स म्हणायला लागले. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर आणि एच गाळायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा, के, एस, एक्स सगळ्यांना २, एम आणि एन ला ५, डी ला ३, व्ही ला १, मधात स्वर नसताना लागोपाठ तोच आकडा आला तर एकदाच धरायचा, आणि तीन आकडे भरले नाहीत तर पुढं शून्य लावायचं. हे करून बघ, लक्ष्मण दोन्ही स्पेलिंगनं एल-२५५ येतो. रमेश आर-५२० आणि उमेश यू-५२०, वेगळे पडले. किती सुंदर आहे ना हे? मला तर आजही मजा येते. पण आता आपल्या वासुदेवला लाव. एका स्पेलिंगनं डब्ल्यू-२३०, दुसऱ्यानं व्ही-२३१. जुळतच नाही. कारण रसेलच्या अमेरिकेत डब्ल्यू आणि व्ही हे दोन वेगळे आवाज, आणि नावाच्या शेवटी ई-ओ लिहून देव वाचायचं हे त्याला कोण सांगणार होतं. हे यवतमाळ-वर्ध्याच्या माणसालाच माहीत. आणि ज्या पोरीच्या वहीत अशी साठ नावं आहेत तिला तर जास्तच माहीत.

हे जे मी आत्ता दोन परिच्छेदांत केलं ना, ते कॉम्प्युटर सायन्स आहे. यात कॉम्प्युटर अजून चालूही केला नाही आपण. तुझी आई म्हणते, ‘एवढं शिकून कॉम्प्युटरच चालवायचा ना, तो तर सेतूवालाही चालवते.’ काकूंचं चुकत नाही, गावात कॉम्प्युटर म्हणजे टायपिंग, एमएससीआयटी आणि झेरॉक्सच्या बाजूला ठेवलेला डबा, त्यांनी दुसरं कुठं पाहिलंय. पण डिग्रीत चालवणं शिकवत नाहीत, जुळवणं शिकवतात. रात्री २ ला पोर्टल काहून चालते, त्याचंही उत्तर तिथंच आहे. कापसाच्या जिनिंगच्या गेटवर एका गाडीचं माप व्हायला ४ मिनिटं लागत असतील आणि गाड्या दर ५ मिनिटांनी येत असतील तर काम रेटते. दर ३ मिनिटांनी यायला लागल्या तर? तासात २० येतील, १५ होतील, ५ उरतील, आठ तासांनी ४० गाड्या रस्त्यावर. कोणी आळशी नाही, गेटही तेच आहे, तरी रस्ता जाम. डेन्मार्कमध्ये एर्लांग नावाचा माणूस टेलिफोनच्या लायनींसाठी हेच गणित करत होता आणि त्यावरचा पहिला पेपर त्यानं १९०९ मध्ये छापला, म्हणजे कॉम्प्युटर यायच्याही कितीतरी आधी. पोर्टलचं दिवसाचं दुखणं पुष्कळदा हेच असतं. ‘देव जाणे’ म्हणालीस, पण हे प्रकरण देवापर्यंत जायची गरज नाही, तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकापर्यंत गेलं तरी पुरते.

आठवीपासून कोडिंग करणाऱ्या पोरांचं सांगते. ती पुढं असतात, खोटं काहून सांगू. पहिल्या वर्षी तू लूप समजून घेत असशील तेव्हा ती शेवटच्या बाकावर जांभया देतील आणि तुला वाटेल आपलं इथं काही काम नाही. माझ्या शिकवण्याच्या वर्षांत मी जे पाहिलं ते असं की ती आघाडी साधारण दुसऱ्या वर्षापर्यंत पुरते. मग डिस्क्रीट मॅथ येते, डेटा स्ट्रक्चर येते, ऑपरेटिंग सिस्टीम येते, तिथं आठवीतला गेम बनवलेला कामी येत नाही, तिथं कागदावर बसून डोकं चालवावं लागते आणि ज्याचं गणित बरं त्याचं निभते. तुझं गणित बरं आहे. फिजिक्स इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी भोगावं लागेल, मग सुटका.

पण माझ्या म्हणण्यावर चार वर्षं लावू नको, तू आधी करून बघ. फॉर्म लॉक करायला अजून दिवस आहेत ना, तीन आठवडे धर. लॅपटॉप नाही म्हणतेस, सध्या नको. पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा आहे, ती मोबाइलवर चालवायची फुकट ॲपं आहेत, नाहीतर ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघड, आणि सेतूवाल्या दादाला विचार, संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर एक तास मशीन देतो का, दोन वर्षं त्याच्यासाठी रात्री २ ला उठलीस, तेवढं तर देईलच. शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघ, त्यात मराठी आवाजातलेही आहेत, छोटे छोटे, फुकट. पायथॉनचं थोडंसं समजलं की एकच काम कर: दोन नावं घ्यायची आणि ती एकाच माणसाची असतील का हे सांगणारा प्रोग्राम. आधी अंतरवाला, मग आवाजवाला, मग त्यात वासुदेव बसव. आणि हो, वहीतले आधार नंबर किंवा खाते नंबर यात अजिबात वापरायचे नाहीत, लिहिले असतील तर आजच खोडून टाक. लोकांनी ते विश्वासानं दिलेत, आपल्या प्रयोगासाठी नाही. नावंही बदलून घे, स्पेलिंगची भानगड तेवढी ठेव.

एआयला विचारून दोन मिनिटांत प्रोग्राम येईल हे मलाही माहीत आहे. विचार की, पण तिसऱ्या आठवड्यात विचार, आणि त्यानं दिलेल्यात रमेश-उमेश टाकून बघ, वासुदेव टाकून बघ. कुठं फसला ते तुला सांगता आलं की समज तुझं बस्तान बसू शकते.

या तीन आठवड्यांत आवडलं का, असं स्वतःला विचारू नको, फार मोठा प्रश्न आहे तो. एवढंच बघ, की अडकल्यावर काय होते. प्रोग्राम चुकला, तू मोबाइल ठेवून निंदायला गेलीस, आणि निंदतानाही डोक्यात तेच फिरत राहिलं, मधातच ‘अरे, लागोपाठचा आकडा एकदाच धरायचा होता’ असं आठवून तू उभी राहिलीस, तर फॉर्म भर. आणि अडकल्यावर फक्त कंटाळाच आला, पुन्हा उघडायचं नावच काढावंसं वाटलं नाही, तेही तीन-तीनदा, तर तेही उत्तरच आहे आणि त्यात लाज नाही. माझा एक विद्यार्थी दुसऱ्या वर्षी सोडून गेला, घरच्यांनी महिनाभर बोलणं टाकलं होतं, आज मोटारपंप आणि ठिबक दुरुस्तीचं काम करते, हंगामात त्याला फोन लावला तर तीन दिवस नंबर लागत नाही. त्याला हातात वस्तू पाहिजे होती, स्क्रीनवर त्याचं मन लागत नव्हतं. दोन वर्षं आधी कळलं असतं तर बापाचे पैसे वाचले असते इतकंच.

आता रस्त्यांचं. इंजिनिअरिंगचं बीई कॉम्प्युटर चार वर्षं, कॅप राउंडमधून, म्हणजे मेरिटच्या सरकारी प्रवेश फेरीतून. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला कॉम्प्युटर सायन्स विषय मिळत असेल तर तीन वर्षं आणि नंतर एमसीए, तो आता दोनच वर्षांचा आहे. बीसीएही आहे, पण त्याला २०२४ पासून वेगळी सीईटी लागते, ती दिली नसशील तर यंदा तो रस्ता कठीण. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा फरक पडलाय तो बऱ्याच घरांत अजून पोचला नाही: ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, कॅपमधून लागलेल्या जागेला, मॅनेजमेंट कोट्याला नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, जात पडताळणी, हे मी तुला काय सांगू, तूच अख्ख्या तालुक्याचे काढतेस. फक्त दुसऱ्यांचे काढता काढता स्वतःचे राहिले असं करू नको, पडताळणीला वेळ लागतो. हॉस्टेल, मेस, येणंजाणं हे मात्र माफ नाही, घरी बोलताना तोच आकडा काढून बोल, उगाच ‘सगळं फुकट आहे’ म्हणू नको, पहिल्याच महिन्यात उघडं पडते. पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे, महाडीबीटी या शिष्यवृत्त्यांच्या सरकारी पोर्टलवर बघ त्यात बसतेस का.

माझा कल सांगू? कॅपमध्ये अमरावती किंवा यवतमाळच्या बऱ्या कॉलेजात कॉम्प्युटर लागलं तर घे. कोणतंही कॉलेज, कुठंही, फक्त कॉम्प्युटर नाव पाहिजे म्हणून लांब जाऊ नको. लॅब उघडी असते का आणि शिकवणारे टिकतात का हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या पोरींना गेटवर गाठून विचार, माहितीपुस्तिकेत ते लिहिलेलं नसते. आणि तसं नाही लागलं तर गणित आणि कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी मुळीच कमी नाही, मी तीच केली. वर्ष वाया घालवून पुन्हा सीईटी द्यायला मी तरी सांगणार नाही, घरची स्थिती बघता.

त्यातून आईचाही रस्ता पूर्ण बंद होत नाही, हे काकूंना सांग. बीएस्सीवर बीएड करता येते. पण शिक्षक भरतीची वाट बघत बीएड होऊन बसलेली किती पोरं-पोरी तुझ्याच सेतूवर फॉर्म भरायला येतात ते काकूंना दाखव, वाद घालू नको, एकदा रविवारी सोबत घेऊन जा आणि बाजूला बसव. त्यांची भीती नोकरीची नाहीच, पोरगी लांब जाते ही आहे. त्याला उत्तर पॅकेज नाही, त्याला उत्तर म्हणजे हॉस्टेल बघून येणं, तिथल्या बाईंशी काकूंनी स्वतः बोलणं. माझ्या आईला मेसची पोळी खाऊन बघितल्यावरच पटलं होतं.

अशी पत्रं आणखीही आलीत म्हणून दोन ओळी बाकीच्यांसाठी. ज्यांना घरचे ढकलून राहिले आणि गणिताचा तिटकारा आहे, त्यांनी मुकाट्यानं हो म्हणायच्या आधी वरचा तीन आठवड्यांचा उद्योग करा आणि घरच्यांसमोर करा, म्हणजे ‘करूनच नाही पाहिलं’ असं कोणी म्हणणार नाही. आणि ज्यांना वाटते की आपल्या गावाकडून कोणी या लायनीत गेलंच नाही, त्यांच्यासाठी, परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर १९९१ मध्ये ज्यांच्या नेतृत्वात झाला ते विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, इंजिनिअरिंग नागपूरला केलेलं. हे प्रत्येक स्नेहसंमेलनात सांगतात आणि टाळ्या पडतात, मला त्याचा एवढाच उपयोग वाटतो की पुण्याच्या पोरांसमोर मान खाली घालायची गरज नाही.

पुन्हा कधी मुलाखतीत कोणी विचारलं कॉम्प्युटर सायन्सच का, तर पॅशन वगैरे पाठ करून जाऊ नको, तुला ते जमणारही नाही आणि शोभणारही नाही. ‘नोकरी पाहिजे’ हे पहिलं वाक्य तसंच ठेव. फक्त तिथं थांबू नको. वही काढ आणि रमेश-उमेशमध्ये जेवढं अंतर तेवढंच एका वासुदेवच्या दोन स्पेलिंगमध्ये कसं, हे त्यांच्याच कागदावर करून दाखव.

आणि त्या आजोबांचा फॉर्म शेवटी लागला का नाही, ते काही तू लिहिलं नाहीस. कळव.

तुझी ताई